धीट मनाची कसोटी आणि ठिय्यावरचा माणूस

नागपुरातल्या कोणत्याही पानठेल्यावर कधी ना कधी कानावर पडणारे एक वाक्य घेऊ: "बाहेरून आलेल्यांनी आपल्या पोरांची कामं खाल्ली." असे बोलणाऱ्याला तुरुंगात टाकता येईल का? नाही. त्याचे म्हणणे आपल्याला पटो वा न पटो, ते बोलण्याचा त्याला अधिकार आहे. आता वाक्य थोडे बदलू: "अमक्या प्रांताचे लोक मुळातच चोर, त्यांना खोली भाड्याने देऊ नका." येथे रोजगाराविषयीचे मत संपले आणि एका अख्ख्या समूहावरचा आरोप सुरू झाला. आणखी बदलू: "उद्या सकाळी चला, त्यांच्या झोपड्या पाडू." यात मत असे काही उरलेच नाही, ही सरळ कृतीची हाक आहे. सहिष्णुता, अभिव्यक्तिस्वातंत्र्य आणि परप्रांतीय या विषयांवरचे आपल्याकडचे बहुतेक वाद गढूळ होतात, कारण एक पक्ष तिसऱ्या वाक्याचा बचाव पहिल्याच्या नावाने करतो आणि दुसरा पक्ष पहिल्या वाक्यालाही तिसऱ्याचीच शिक्षा मागतो. मधले वाक्य तर दोघांच्याही ओढाताणीत हरवते, आणि खरी अडचण त्यातच आहे.

आधी सहिष्णुतेविषयी थोडे. शेजारच्या घरातून येणारा फोडणीचा वास ज्याला आवडतो त्याला कोणी सहिष्णू म्हणत नाही. सहिष्णुतेचा प्रश्न तेव्हाच उद्भवतो, जेव्हा एखादी गोष्ट आपल्याला खटकते, ती थांबवण्याची थोडीफार ताकद आपल्या हातात असते आणि तरीही आपण ती ताकद वापरत नाही. यातले मधले कलम लोक विसरतात. ज्याच्या हातात काहीच नाही, त्याचे गप्प बसणे ही सहिष्णुता नसते, ती लाचारी असते. पुढच्या विवेचनात हा फरक पुन्हा लागणार आहे.

कायदा काय म्हणतो? संविधानाच्या अनुच्छेद १९ ने प्रत्येक नागरिकाला भाषण व अभिव्यक्तीचे स्वातंत्र्य दिले आणि त्याच अनुच्छेदात त्यावर निर्बंध कोणत्या कारणांनी घालता येतील हेही सांगितले. १९५० साली मद्रास सरकारने एका साप्ताहिकावर घातलेली बंदी सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली, कारण त्या कारणांच्या मूळ यादीत 'सार्वजनिक सुव्यवस्था' नव्हती. मग १९५१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीने ती यादीत आली, परंतु त्याच दुरुस्तीने निर्बंध वाजवी असलेच पाहिजेत ही अटही घातली, आणि सरकारला मिळालेल्या अधिकाराइतकीच ती अट नागरिकाच्या कामाची ठरली. आजच्या यादीत देशाचे सार्वभौमत्व व एकात्मता, राज्याची सुरक्षा, परराष्ट्रांशी मैत्रीचे संबंध, सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता व नीतिमत्ता, न्यायालयाचा अवमान, बदनामी आणि गुन्ह्याला चिथावणी एवढीच कारणे आहेत. 'भावना दुखावणे' हे कारण त्यात कोठेही नाही, हे रोज कोणाच्या ना कोणाच्या भावना दुखावल्याची बातमी वाचणाऱ्यांनी एकदा यादी उघडून पाहण्यासारखे आहे. धार्मिक भावनांविषयीचे फौजदारी कलम अवश्य आहे, पण तेही मनात द्वेष धरून, जाणूनबुजून केलेल्या अपमानापुरते आहे, आणि १९५७ साली सर्वोच्च न्यायालयाने ते वैध ठरवले तेही याच मर्यादेवर बोट ठेवून.

२०१५ साली माहिती तंत्रज्ञान कायद्यातील, इंटरनेटवरच्या आक्षेपार्ह मजकुराला शिक्षा सांगणारे कलम ६६अ रद्द करताना न्यायालयाने बोलण्याच्या तीन पायऱ्या सांगितल्या. एखाद्या विषयाची चर्चा, त्या विचाराचा पुरस्कार आणि त्यासाठी चिथावणी या त्या पायऱ्या होत. पहिल्या दोन पायऱ्यांवरचे बोलणे कितीही अप्रिय असले तरी त्याला संरक्षण आहे आणि सरकारचा हात तिसऱ्या पायरीवर पोचतो. त्याआधी १९८९ मध्ये आरक्षण धोरणावर टीका करणाऱ्या एका तमिळ चित्रपटाच्या खटल्यात न्यायालयाने म्हटले होते की मोर्चे निघतील, तोडफोड होईल, या धास्तीने सरकारला कोणाचे तोंड बंद करता येणार नाही; गर्दीला आवरणे हे सरकारचेच काम आहे. बोलणाऱ्याला गप्प करणे सोपे आणि दगड मारणाऱ्याला पकडणे अवघड असते, म्हणून प्रशासनाला पहिला मार्ग नेहमीच जवळचा वाटतो.

आता बोलणे चिथावणीचे आहे की नाही हे कोणाच्या कानांनी ठरवायचे? या प्रश्नाचे जे उत्तर देशभरातील न्यायालये आजही वापरतात, ते नागपुरात लिहिले गेले. भगवतीचरण शुक्ल विरुद्ध मध्यप्रांत व वऱ्हाड सरकार हा खटला स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर नागपूर उच्च न्यायालयापुढे आला होता. त्यात न्यायमूर्ती व्हिवियन बोस यांनी लिहिले की शब्दांचा परिणाम विचारी, कणखर, खंबीर आणि धीट माणसाच्या मापाने तोलावा. दुबळ्या, डळमळत्या मनाच्या किंवा प्रत्येक विरोधी मतात धोका हुंगणाऱ्या माणसाच्या मापाने तोलू नये. हा निकाल नागपुरातूनच निघणाऱ्या 'ऑल इंडिया रिपोर्टर'च्या १९४७ च्या नागपूर विभागात पहिल्याच पानावर छापला आहे. १९८८ साली फाळणीवरील दूरचित्रवाणी मालिकेवर बंदी मागणारी याचिका फेटाळताना सर्वोच्च न्यायालयाने त्याचा आधार घेतला, मार्च २०२४ मध्ये कोल्हापुरातील एका प्राध्यापकावरचा व्हॉट्सॲप स्टेटसवरून नोंदलेला गुन्हा रद्द करताना घेतला आणि मार्च २०२५ मध्ये एका कवितेवरून राज्यसभेच्या सदस्यावर नोंदलेला गुन्हा रद्द करतानाही घेतला.

हे व्हिवियन बोस कोण? सर बिपिन कृष्ण बोस यांचे नातू. बिपिन कृष्ण हे बंगालमधून मध्यप्रांतात वकिलीसाठी आलेले गृहस्थ, आणि १९२३ मध्ये स्थापन झालेल्या नागपूर विद्यापीठाचे पहिले कुलगुरू. नातू पुढे नागपूर उच्च न्यायालयाचा मुख्य न्यायाधीश झाला आणि १९५१ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेला. बाहेरून आलेले लोक शहराचे काय घेतात याचा हिशेब मांडणाऱ्यांनी जमेच्या बाजूला हीही एक नोंद करावी.

बोस यांची ही धीट माणसाची कसोटी मोठी आहे, यात शंका नाही. तथापि तिचा एक कच्चा दुवा आहे, आणि त्याविषयी आपल्याकडे पुरेसे बोलले जात नाही. ती ऐकणाऱ्याला धीट समजते. पण धीटपणा जितका स्वभावात असतो तितकाच परिस्थितीतही असतो. पूर्व नागपुरातल्या एखाद्या ठिय्यावर, म्हणजे रोजंदारीचे मजूर कामाची वाट पाहत थांबतात त्या चौकात, सकाळी साडेसातला उभे राहिले की हे डोळ्यांना दिसते. रस्त्याच्या कडेला मिस्त्री, बिगारी आणि रेजा (मजूर बाया) आपापल्या घोळक्याने बसलेले असतात. मिस्त्रीच्या पिशवीतून थापी आणि ओळंब्याची दोरी डोकावते, छत्तीसगडहून आलेल्या एखाद्या बाईच्या मांडीवर पोर झोपलेले असते. मोटारसायकलवरून ठेकेदार येतो, गाडी बंदही न करता बोटांनी आकडा दाखवतो, मजुरी तोच सांगतो, आणि जो घासाघीस करतो त्याला सोडून पुढच्याकडे वळतो. स्थानिक बिगारी निदान "नाही जमत" म्हणून घरी तरी जाऊ शकतो. बाहेरचा माणूस उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, घेऊन आलेला असतो, राहण्याची जागा ठेकेदाराची असते, रेशनकार्ड गावाकडे असते. या माणसासमोर कोणी "हे सगळे चोर" असे भाषण ठोकले तर त्याने कणखर व खंबीर मनाने ते तोलावे, अशी अपेक्षा आपण कोणत्या तोंडाने करणार?

बरे, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे याच रूपात येऊन गेलेला आहे. आंतरराज्य स्थलांतरितांसाठी काम करणाऱ्या 'प्रवासी भलाई संघटन' या संस्थेने द्वेषपूर्ण भाषणांविरुद्ध याचिका केली होती आणि तिचा निकाल २०१४ मध्ये लागला. न्यायालयाने म्हटले की द्वेषपूर्ण भाषण हे माणसाला तो ज्या समूहाचा आहे त्या कारणाने कडेला ढकलते, बहुसंख्यांच्या नजरेत त्या समूहाची पत उतरवते आणि पुढच्या भेदभावाची व हिंसेची जमीन तयार करते. तरीही न्यायालयाने नवा नियम घालून दिला नाही. कायदे पुरेसे आहेत, अंमलबजावणी नाही, असे सांगून त्याने विषय विधी आयोगाकडे सोपवला आणि आयोगाने २०१७ मध्ये २६७ वा अहवाल दिला. माझ्या मते २०१४ च्या निकालातील हे वर्णन बोस यांच्या कसोटीला छेद देत नाही. ते तिला पूरक आहे, कारण रोख कोणाकडे आहे हे विचारल्याशिवाय शब्दांचे वजन कळत नाही.

नागपूरकराला हे समजावण्यासाठी मारबतीचे उदाहरण पुरेसे आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी आणि पिवळी मारबत या मोठ्या पुतळ्यांची मिरवणूक निघते, "ईडा पीडा घेऊन जा गे मारबत" या आरोळीने इतवारी-महालचे रस्ते दुमदुमतात, आणि मागून बडग्यांची, म्हणजे टीकेच्या पुतळ्यांची, रांग येते. महागाई, भ्रष्टाचार, रस्त्यांवरचे खड्डे, साथीचे रोग आणि हयात पुढारी या सगळ्यांचे पुतळे करून, त्यांच्या गळ्यात झोंबणाऱ्या घोषणांच्या पाट्या अडकवून ते जाळले जातात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून चालत आलेली ही प्रथा म्हणजे अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा अस्सल नागपुरी नमुना आहे. मंत्र्याचा बडग्या झाला तर मंत्री तो पचवू शकतो, कारण पोलीस, पैसा आणि उत्तर द्यायला व्यासपीठ हे सगळे त्याच्याकडे आहे. तोच बडग्या एखाद्या वस्तीतल्या लोकांचा झाला, तर कागद आणि बांबू तेच असले तरी अर्थ पार बदलतो.

आता 'बाहेरचा' कोण, हे कायद्याच्या अंगाने पाहू. देशात कोठेही फिरण्याचा आणि कोठेही स्थायिक होण्याचा हक्क भाषणस्वातंत्र्याच्याच अनुच्छेदात, त्याच्या शेजारच्या कलमांत आहे. सरकारी नोकरीत जन्मस्थानावरून भेदभाव करता येत नाही, आणि रहिवासाची अट घालायची तर तो अधिकार राज्याच्या विधिमंडळाला नसून संसदेला आहे. मुंबईतील चित्रपट व्यवसायात रंगभूषाकारांच्या संघटनेने महाराष्ट्रात पाच वर्षांच्या वास्तव्याची अट घातली होती, ती २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली. खासगी नोकऱ्यांत ७५ टक्के जागा स्थानिकांसाठी राखणारा हरियाणाचा कायदा तेथील उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये घटनाबाह्य ठरवला.

परंतु याचा अर्थ यजमान समाजाने काहीच मागायचे नाही असा होत नाही, आणि उदारमतवादी मंडळी येथे अनेकदा घाई करतात. राज्यकारभार मराठीत चालावा, दुकानांच्या पाट्या मराठीत असाव्यात, शाळेत मराठी शिकवली जावी, या मागण्या पूर्णपणे कायदेशीर आहेत. पहिलीपासून हिंदी शिकवण्याविषयीचे शासन निर्णय सरकारने जून २०२५ अखेरीस मागे घेतले ते लोकांनी आवाज उठवल्यामुळे, आणि आवाज उठवणे हाच तर अभिव्यक्तीचा उपयोग आहे. त्याच सुमारास मीरा रोडला मराठीच्या प्रश्नावरून एका दुकानदाराला मारहाण झाली, तिला मात्र अभिव्यक्ती म्हणता येत नाही. एप्रिल २०२५ मध्ये आपल्याच विदर्भातील पातूरच्या नगरपरिषदेच्या फलकाचा वाद सर्वोच्च न्यायालयात निकाली निघाला. फलकावर मराठीच्या जोडीला १९५६ पासून उर्दूही होती, ती काढावी अशी मागणी होती, आणि न्यायालयाने ती नाकारताना भाषा हा धर्म नव्हे असे स्पष्ट सांगितले. राजभाषा कायदा मराठीची सक्ती करतो, पण तो दुसरी भाषा पुसून टाका असे म्हणत नाही.

नागपूरचा आपला एक वेगळाच गोड समज आहे. आम्ही रिक्षावाल्याशी न सांगता हिंदीत बोलतो, म्हणून आम्ही मुंबईपेक्षा सहिष्णू, असे येथे अभिमानाने सांगितले जाते. यात तथ्य थोडे आणि इतिहास जास्त आहे. हे शहर मध्यप्रांत व वऱ्हाड या द्विभाषिक प्रांताची, आणि १९५६ पर्यंत जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी होते, त्यामुळे दोन भाषांची सवय आपल्याला प्रशासनाने लावली. फाळणीनंतर जरीपटक्यात वसलेले सिंधी असोत, रेल्वे आणि वकिलीच्या निमित्ताने आलेले बंगाली असोत किंवा संत्रा बर्फीचे डबे देशभर पोचवणारे मूळचे बीकानेरचे हल्दीराम घराणे असो, यांना आज कोणी परप्रांतीय म्हणत नाही. हा शब्द उरला तो ठिय्यावरच्या, विटाभट्टीवरच्या आणि पाणीपुरीच्या गाडीवरच्या माणसासाठी. म्हणजे आपण प्रांत पाहत नसून ऐपत पाहत असतो.

जनगणनेच्या व्याख्येने तर चित्र आणखी उलटे होते. २०११ च्या जनगणनेत सुमारे ४५ कोटी लोक स्थलांतरित म्हणून नोंदले गेले, आणि त्यांत बहुसंख्य स्त्रिया होत्या, कारण लग्न करून सासरी जाणे हेही स्थलांतरच मोजले जाते. राज्याची सीमा ओलांडलेले त्यांत सुमारे साडेपाच कोटी. तेव्हा अकोल्याहून नागपुरात नांदायला आलेली सून आणि रायपूरहून आलेला गवंडी सरकारी तक्त्यात एकाच रकान्यात बसतात. आपल्या घरची मुले हिंजवडीला नोकरी करतात आणि तेथे त्यांच्या वऱ्हाडी वळणाच्या "करून राहिलो"ची टिंगल होते, तीही त्याच रकान्यात असतात.

बाहेरच्यांविषयीची भीती प्रत्यक्ष संख्येपेक्षा मोठी का असते? निरनिराळ्या देशांतील पाहण्यांत लोक आपल्या देशातील स्थलांतरितांचे प्रमाण प्रत्यक्षापेक्षा बरेच जास्त सांगतात, असे पुन्हा पुन्हा आढळले आहे. सहवासाने ही भीती कमी होते का, याचे उत्तर मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ मध्ये अटींसह दिले होते. नुसते शेजारी राहून भागत नाही. दोघांचा दर्जा समान असावा, काम सामायिक असावे, ते मिळून करावे लागावे आणि त्याला संस्थेचे पाठबळ असावे. २००६ मध्ये पाचशेहून अधिक अभ्यासांचे एकत्रित परीक्षण झाले, त्यात संपर्काने पूर्वग्रह घटतो हे दिसून आले, आणि या अटी पाळल्या गेल्या तेथे परिणाम अधिक ठळक होता. ठिय्यावर यांपैकी एकही अट पुरी होत नाही, कारण तेथे दोन्हीकडचे मजूर एकाच ठेकेदाराच्या बोटाकडे पाहत एकमेकांचे प्रतिस्पर्धी झालेले असतात.

म्हणून "कामं खाल्ली" ही तक्रार खोटी म्हणून झटकून टाकणे मला योग्य वाटत नाही. एकूण कामे काही ठरावीक संख्येचीच असतात हा समज चुकीचा आहे, कारण आलेला माणूस खातो, राहतो, खर्च करतो आणि त्यातून कामे निर्माणही होतात. पण एका चौकातल्या एका बिगाऱ्याची त्या आठवड्याची मजुरी उतरू शकते, हेही खरेच. ती उतरते, कारण ठेकेदाराला नाही म्हणू न शकणारा माणूस मिळतो. स्थलांतरित कामगाराला स्थानिकाइतकीच मजुरी, प्रवासभत्ता आणि ठेकेदाराची नोंदणी हे सगळे १९७९ च्या कायद्यात लिहिलेले होते आणि आता तो विषय २०२० च्या श्रमसंहितेत गेला आहे. ही समान मजुरी खरोखर मिळाली तर बाहेरच्याला स्वस्तात राबवण्याचा मोहच राहत नाही, आणि स्थानिकाचे भलेही त्यातच आहे.

परदेशातून आलेल्यांची गोष्ट वेगळी. अनुच्छेद १९ नागरिकांपुरता आहे, परंतु कायद्यापुढे समानता आणि जीविताचा हक्क देणारे अनुच्छेद १४ व २१ प्रत्येक व्यक्तीसाठी आहेत. अरुणाचल प्रदेशातील चकमा निर्वासितांना हुसकावण्याच्या धमक्या मिळाल्या, तेव्हा १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्य सरकारला त्यांचे संरक्षण करण्याचा आदेश दिला. गोंदिया जिल्ह्यात राहणारे तिबेटी, जे हिवाळ्यात लोकरी कपडे विकायला नागपुरात बसलेले दिसतात, त्यांनाही हाच आधार आहे. अवैध घुसखोरी रोखणे हे सरकारचे काम आहे, तसेच ज्याला परत पाठवायचे त्यालाही रीतसर प्रक्रियेनेच पाठवणे हेही.

अखेर ज्याविषयी नागपुरात अजून दबक्या आवाजात बोलले जाते ते. १७ मार्च २०२५ रोजी औरंगजेबाची कबर हटवावी या मागणीसाठी शहरातल्या महाल भागात निदर्शने झाली. मागणी करण्याचा अधिकार निदर्शकांना होता आणि तिचा निषेध करण्याचा इतरांना. पण जाळलेल्या कापडावर धार्मिक वचने होती अशी वार्ता पसरली, पोलिसांनी ती अफवा असल्याचे सांगेपर्यंत दगडफेक आणि जाळपोळ सुरू झाली, जखमींपैकी एकाचा पुढे रुग्णालयात मृत्यू झाला आणि अनेक पोलीस ठाण्यांच्या हद्दीत संचारबंदी लावावी लागली. नंतर महापालिकेने एका आरोपीचे घर पाडले आणि २४ मार्चला उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने अशा कारवाईला स्थगिती दिली. आरोप सिद्ध होण्याआधी घर पाडणे ही शिक्षा झाली, आणि शिक्षा देण्याचे काम महापालिकेचे नाही.

असहिष्णूंना सहन करावे का, हा प्रश्न अशा दिवसांनंतर हटकून निघतो आणि तत्त्वज्ञ कार्ल पॉपर यांचा १९४५ मधील सहिष्णुतेचा विरोधाभास, म्हणजे अमर्याद सहिष्णुता अखेर सहिष्णुतेलाच संपवते हे म्हणणे, पुढे केले जाते. त्यांचे अर्धेच म्हणणे सांगितले जाते. युक्तिवादाने आणि लोकमताने ज्यांचा सामना करता येतो अशा असहिष्णू विचारांवर बंदी घालणे शहाणपणाचे नाही, असेही त्यांनी तेथेच लिहिले आहे. बळाचा अधिकार राखून ठेवायचा तो युक्तिवाद ऐकायलाच नकार देऊन हात उचलणाऱ्यांसाठी.

भारतीय कायद्याची रचनाही साधारण अशीच आहे, निदान कागदावर. समूहांमध्ये वैर वाढवणाऱ्या भाषणासाठी भारतीय न्याय संहितेत कलम १९६ आहे, आणि अशा भाषणाची कोणी तक्रार केली नाही तरी पोलिसांनी स्वतःहून गुन्हा नोंदवावा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये सर्व राज्यांना दिलेला आहे. मात्र गुन्हा नोंदवल्यावर न्यायालयाला त्याची दखल घेता यावी यासाठी सरकारची पूर्वमंजुरी लागते. त्यामुळे भाषण करणारा सत्तेच्या जवळचा असेल तर कागद मंत्रालयात अडकू शकतो, आणि तो सत्तेपासून दूर असेल तर तोच कागद चटकन सुटूही शकतो.